नेरमार्गे दारव्हा: बाबांच्या व्हाईसच्या स्क्रूसाठी

लोक दारव्ह्याला बाजाराला जातात, लग्नाला जातात. मी गेले ती झिजलेला लोखंडी स्क्रू पिशवीत घालून. अमरावतीच्या स्टँडवर कंडक्टरनं पिशवी सरकवायला उचलली आणि म्हणाला, "बापरे! ताई, याचंही तिकीट काढू काय?"

बाबा दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंडाचे भाग घडवायचे. पॅरालिसिसनं उजवा हात गेला, तेव्हापासून टेबलाला बसवलेला व्हाईस हाच त्यांचा दुसरा हात. वस्तू त्यात आवळायची आणि डाव्या हातानं कानस चालवायची. गल्लीतली कुलपं, कुकर सगळं दुरुस्त व्हायचं. मग स्क्रूचे आटे झिजले, पकड सुटली. नवा व्हाईस आणला, तर तो डाव्या हाताला फिरवायला जड. तीन महिने माणूस नुसता खिडकीत बसून. मला बघवेना. शेवटी बाबाच म्हणाले, "दारव्ह्याले सलीमकडे जाय. माह्या हाताखाली शिकला थो."

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, तेव्हा निमित्त शोधा आणि निघा. नेरला गाडी बदलते. तिथं स्टँडबाहेर कढी-आलुबोंडा खाच. मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू! पुढं दोन्हीकडं तूर आणि कापूस, रस्ता बरा.

बाजाराचा दिवस असल्यानं दारव्ह्यात गर्दी होती. लेथच्या दुकानात सलीमभाईंनी उस्तादांचा स्क्रू ओळखला, कपाळाला लावला. मी शहाणपणा केला, "आटे पाडायची डाय असते ना, ती फिरवून नवा लवकर होईल ना?"

"डायनं बारके बोल्ट होतेत, ताई. हे चौकोनी आटे मशीनवर टूलच्या धारेनंच पाडा लागते. अन् आटे इंचाचे, माही मशीन मिलिमीटरची. टूल सरकवणारा हा लिव्हर एकदा लावला का काम होईस्तोवर उघडाचा नाई. टूल मागं घ्याचं, मशीन उलटी फिरवाची, पुन्हा काप. उघडला का टूल दुसरीकडंच जाते."

नव्या लोखंडी दांड्यावर केसाएवढा एकेक काप. मी मुकाट बसले होते, खरंच. पण पोऱ्या कपबशा ठेवून गेला आणि मी ओरडले, "भाई, चहा आला!" त्यांचा हात सवयीनं लिव्हरवर गेला आणि लिव्हर उघडला. पुढच्या कापात टूल दोन खाचांमधल्या उंचवट्यावर टेकलं. त्यांनी झटकन मशीन थांबवली.

पाऊण तास खपून त्यांनी टूल पुन्हा आधी पाडलेल्या खाचेत नेमकं बसवलं. स्क्रू झकास झाला. उंचवट्यावर एक बारीक ओरखडा तेवढा राहिला. "कामाले काई फरक नाई," ते म्हणाले, "पण उस्तादले दिसन." पैसे घेईनात, शेवटी लोखंडाचे तेवढे घेतले.

संध्याकाळी घरी पोचले. बाबांनी डाव्या अंगठ्यानं आटे चाचपले. अंगठा थांबला.

"इथं लिव्हर उघडला त्यानं."

"मीच हाक मारली बाबा, चहाला."

"अजूनबी?" ते हसायला लागले. "चहाचं नाव काढलं का गधा लिव्हर उघडतेच!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला रडूच फुटलं. तीन महिन्यांत हे हसू मी ऐकलं नव्हतं.

मग स्क्रू बसवला, दांडा डाव्या हातानं सरसर फिरवला आणि म्हणाले, "शेजारच्या काकूचा कुकर पडून राह्यला ना? आण इकडं."