कॅनडाहून बाबांना फोन

तनिषाच्या पायाला भिंगरी लागली होती. इंग्लंडमधल्या मेडनहेडमध्ये आठ वर्षं पोलीस कॉन्स्टेबल असलेली ही बाई, दारूड्यांच्या मारामाऱ्यांत न डगमगणारी, लंडनच्या ईलिंगला आईच्या किचनमध्ये मात्र नुसती येरझाऱ्या घालत होती. चार वाजता कॅनडाहून बाबांना फोन येणार होता.

तिथल्या एका शहराच्या पोलीस दलात तिची निवड जवळजवळ पक्की होती. दलाची रचना तिला तोंडपाठ होती. वर चीफ, पण त्याचाही कान धरायला नागरिकांचं बोर्ड. खाली तीन डेप्युटी: एकाकडे गस्त, दुसऱ्याकडे तपास, तिसऱ्याकडे भरती. या तिसऱ्याच्या हाताखाली निवृत्त डिटेक्टिव्ह असतात आणि ते स्थळाची चौकशी करावी तसे उमेदवाराच्या घरच्यांना गाठतात. कुठे खोटं सापडलं की अर्ज केराच्या टोपलीत.

आणि बाबा, म्हणजे रघुवीरराव, आठ वर्षं मराठी मंडळात सांगत आले होते, "मुलगी कौन्सिलमध्ये असते." कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका; पोलीस म्हणायला त्यांची जीभ कधी रेटलीच नाही. तनिषाला याचा राग यायचा आणि फार वाईटही वाटायचं.

"बाबा, प्लीज, आज खरं सांगा हं. मी मधे बोलू शकत नाही, रूल आहे तो."

"अगं, एवढं कळतं मला," म्हणत बाबा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

फोन आला. बाबांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला, त्यामुळे किचनमध्ये सगळं ऐकू येत होतं.

"मुलगी काय करते?" डिटेक्टिव्हनं इंग्रजीत विचारलं.

"शी इज इन द कौन्सिल," बाबा बोलून गेले.

तनिषा दाराकडे धावली, तर आईनं दंड धरला. पलीकडे काही लिहून घेत असल्याचा आवाज येत होता.

"थांबा, ते खोडा," बाबा म्हणाले. "खोटं बोललो. पोलीस आहे ती. लोकांना पोलीस म्हणून सांगितलं की तिची ड्यूटी संपेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कौन्सिल म्हटलं की जरा बरं वाटतं."

डिटेक्टिव्हनं पुढचा प्रश्न विचारला. "ती इकडे आली तर तुम्हाला चालेल?"

"नाही," बाबा म्हणाले. "अजिबात नाही चालणार. पण तुम्ही घ्या तिला."