तीन घोड्यांचं वाक्य

बाविसाव्या वर्षी मी अतिशय आगाऊ होते. नगरला मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी माझ्या जुन्या सरांकडे त्यांच्या भाषांतरांची स्वच्छ प्रत करायला बसायचे. सर शब्दकोश मांडीवर घेऊन एकटेच रशियन शिकले होते. लढाईच्या दिवसांत कागदाची मारामार, तरी त्यांच्या टेबलावर रशियन कथांची चळत वाढतच होती.

प्रत करताना मी हळूच माझे शब्द घुसडायचे. साध्या नदीला खळाळती करायचे, म्हातारीच्या डोळ्यांत उगाच पाणी आणायचे. सर ते सगळं उडवायचे. मूळ लेखकाने लिहिलं नाही ते आपण लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. मला मात्र छापील पुस्तकात माझं एक तरी वाक्य हवं होतं. त्यासाठी मी काहीही केलं असतं.

आणि एकदा सरच सापडले. एका कथेत तीन घोडे जोडलेली गाडी होती. मधला घोडा एका चालीने पळतो, बाजूचे दोघे वेगळ्या, असं मुळात स्पष्ट असल्याचं सरांनीच कच्च्या प्रतीच्या समासात टिपलं होतं. एकाच गाडीचे घोडे दोन चालींनी कसे पळतील, लेखकाची नजरचूक असणार, असं ठरवून सरांनी तिघांनाही दुडक्या चालीने पळवलं होतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लेखकाने लिहिलं नाही ते आपण लिहायचं नाही ना, असं मी त्यांना त्यांच्याच आवाजात सुनावलं.

सरांचे कान लाल झाले. "पळवून दाखव," ते म्हणाले. "खरं निघालं तर ते वाक्य तू लिही. मी हात लावणार नाही."

मी तडक टांग्यांचा अड्डा गाठला. ओळखीच्या टांगेवाल्या चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी थोडा वेळ दाढी खाजवली.

"मधलं दांड्यात आडकलेलं, ते दुडकतच जानार," ते म्हणाले. "बाजूची मोकळी हायेत, बाई. त्यांना चौखूर पळाया काय हुतंय?"

मग त्यांनी दोस्ताचे दोन घोडे मागून आणले.

रविवारी सकाळी केडगावच्या रस्त्यावर चाचांनी टांग्याच्या दोन्ही अंगांना दोरखंडाने एकेक घोडा जोडला आणि सरांना घेऊन आम्ही सुटलो. फर्लांगभरात माझा अंबाडा सुटला, एक चप्पल गेली, सरांची टोपी उडून ज्वारीत पडली. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. सर टांग्याबाहेर वाकून टापा बघत एकसारखे ओरडत होते, मधला बघ, मधला बघ. मधला खरोखरच ठेक्यात दुडकत होता आणि बाजूचे दोघे माना बाहेर वळवून उधळले होते. शेवटी डावा घोडा सरळ ज्वारीत शिरला, तेव्हा कुठे आम्ही थांबलो.

घरी आल्यावर सरांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. मी वाक्यात वारा घातला, धुरळा घातला, आयाळी भुरभुरवल्या. वाचून पाहिलं की सगळं खोटं वाटायचं. टांग्यात तर असलं काही सुचलंच नव्हतं. मी एकेक शब्द काढत गेले. दुपार उलटली, तेव्हा एवढंच उरलं: मधला दुडकत होता, बाजूचे दोघे चौखूर सुटले होते.

सरांनी रशियन पानावर बोट ठेवून शब्द जुळवले. लेखकाचं सगळं होतं, एकही शब्द जास्त नाही.

"हे असंच छापायचं," ते म्हणाले.

त्या वाक्यात माझ्या पदरचं काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की मी सरांच्या देखत उठून एक गिरकी घेतली.