मिसिर्योंगचा जुना घाट

वन्जू शहराच्या बाजारात सुनिमची लाँड्री होती. तरुणपणी कपड्यांची गाठोडी ती स्वतःच छोट्या ट्रकमधून घरोघर पोचवायची. पुढे लग्न झालं ते दोंगलशी. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. एका घरात एक ड्रायव्हर पुरे, असं तो हसत म्हणाला, आणि रोजच्या वादापेक्षा इस्त्री परवडली म्हणून तिनं स्टिअरिंग सोडलं ते सोडलंच.

निवृत्त झाल्यावर उन्हाळ्यात दोंगलनं तिला न विचारता कॅम्पर घरी आणली. जुनीच व्हॅन, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. आयुष्यभर परक्या लोकांना सोराकच्या डोंगरातली लाल पानं दाखवली, यंदा तुला दाखवतो, म्हणाला. सुनिम हरखली. हल्ली जेवताना उजवीकडची वाटी त्याच्या हातून लवंडायची, दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. वय झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

ऑक्टोबरात निघाले. बोगद्यातला सरळ रस्ता सोडून त्यानं मुद्दाम मिसिर्योंगचा जुना घाट धरला. दोन्ही अंगांना मेपल पेटले होते. ड्रायव्हरच्या उजवीकडच्या सीटवर बसून सुनिम उकडलेले बटाटे सोलून त्याच्या हातात देत होती. माथा ओलांडून गाडी उताराला लागली, तेव्हा एका वळणावर उजव्या कडेनं एक बाई पाठीवर पिशवी घेऊन चाललेली तिला दिसली. दोंगलनं हॉर्न दिला नाही, ब्रेकही दाबला नाही. आरसा पिशवीला घासला आणि बाई कठड्यावर कोलमडली.

"अहो, थांबवा! ती बाई पडली!"

"कुठली बाई?" दोंगलनं विचारलं.

तो सोंग करत नव्हता.

गाडी थांबताच ती मागे धावली. बाई अळंबी गोळा करायला आली होती. कोपर सोललं होतं, पिशवीचा पट्टा तुटला होता, आणि तोंड मात्र शाबूत होतं. सुनिमनं कमरेत वाकून पुन्हा पुन्हा माफी मागितली, दवाखान्यात चला म्हणाली. तुमच्या त्या गाडीत मी मेले तरी बसणार नाही, असं बाईनं सुनावलं आणि भावाला फोन लावला. भाऊ येऊन तिला घेऊन जाईपर्यंत सुनिम तिथंच उभी राहिली.

परतली तेव्हा दोंगल कॅम्परच्या पायरीवर बसला होता. न विचारताच सांगू लागला. वसंतातच डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. कडेचं सगळं गेलं होतं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"सगळं जायच्या आत एकदा हे बघायचं होतं गं. तुझ्याबरोबर."

एरवी ती विरघळली असती. पण तिला ऑगस्ट आठवला. याच गाडीतून तो नातीला, हारामला, समुद्रावर घेऊन गेला होता. पोर पुढच्या सीटवर, त्याच्या उजव्या हाताला, पाय वर घेऊन गाणी म्हणत बसली होती. आणि सुनिमनं दारात उभं राहून टाटा केला होता.

"ऑगस्टात तुमच्या शेजारी हाराम होती," ती म्हणाली.

दोंगलनं मान खाली घातली. तिनं हात पुढे केला, त्यानं किल्ली दिली.

इतक्या वर्षांनी तिनं क्लच दाबला. पहिल्या दोन वळणांना गाडी बंद पडली. सवयीनं तो म्हणाला, "गिअर खाली घे." ती म्हणाली, "बोलू नका." घाटाखालचं सोक्चो गाव गाठेपर्यंत तिची बोटं स्टिअरिंगवरच आखडली होती आणि ब्रेकचा जळका वास आत भरला होता.

घरी आल्यावर दोंगलनं पोलीस ठाण्यात लायसन परत केलं. सुनिमनं मुलापासून काहीच लपवलं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि नव्या वर्षाच्या सणाला हारामला घेऊन आलाच नाही.

आता नवऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात तीच नेते. कडेनं कोणी चालताना दिसलं की गाडी पार थांबवते आणि ते माणूस लांब गेल्यावरच निघते. मागून हॉर्न वाजतात. शेजारी दोंगल हात मांडीवर ठेवून बसलेला असतो.