बाबांनी बसवलेला पंखा

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी एक जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. आई तिच्यात एकदाच बसली आणि उतरताना म्हणाली, "यापेक्षा तंदुरात बसलेलं बरं." मी तेव्हा अवधपुरीतल्या आमच्या घरूनच नोकरी करत होते. त्यामुळे गाडी तापली की बाबांबरोबर बॉनेटखाली वाकणं माझ्याच वाट्याला यायचं.

आणि गाडी कायमच तापायची. रेडिएटर साफ करून आणला, थर्मोस्टॅट बदलला, नळ्या बदलल्या. तरी तापमानाचा काटा लाल खुणेवर जायचाच. मी पंख्याचं नाव काढलं की बाबा भडकायचे. जुना जळाल्यावर नवा पंखा त्यांनी स्वतः बसवला होता.

"पंखा फिरतोय ना? मग झालं!"

मे महिन्यातल्या एका सकाळी चार इमली भागातल्या चढावर गाडीने वाफ सोडली. समोरच्या बंगल्यावरचा पहारेकरी पाण्याची बादली घेऊन धावत आला. "मॅडम, अंकलजी को छाँव में बिठाइए. गाड़ी का तो हो गया."

बाबांना ते इतकं लागलं की ते सावलीत जायलाच तयार होईनात. डांबर चपलांना चिकटत होतं, दुपट्टा ग्रीसने माखला होता आणि बाबा बॉनेटला टेकून मला लहानपणीसारखं इंजिन समजावत होते. माझं डोकं गाडीपेक्षा जास्त तापलं होतं.

गाडी निवल्यावर पाणी भरून आम्ही ती पुन्हा सुरू केली. या वेळी मी काट्यावरची नजर हलवली नाही. पंखा घरघरत सुरू झाला आणि काटा उतरायचा सोडून भराभर वर चढू लागला.

"बाबा, पंखा सुरू झाल्यावर ती जास्त तापतेय!"

"काहीतरीच काय!"

मी पहारेकऱ्याकडून वर्तमानपत्राचं पान मागून घेतलं आणि पुढच्या जाळीसमोर धरलं. पंख्याने ते आत ओढून जाळीला चिकटवायला हवं होतं. ते उडून थेट माझ्या तोंडावर आलं. तो पंखा उलटा फिरून इंजिनाची सगळी गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता!

बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. मग हळूच म्हणाले, "दोन्ही वायरी काळ्याच होत्या गं."

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी मी इंजिन बंद केलं आणि पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी वायरींची अदलाबदल केली. इंजिन सुरू केल्यावर कागद जाळीला घट्ट चिकटला, आणि चढ चढून गेलो तरी काटा मध्यावरून हलला नाही.

वर पोचल्यावर बाबांनी गाडी वळवली, खाली नेली आणि पुन्हा चढावर घातली.

"बाबा, पुरे! माझी मीटिंग आहे."

"हो हो," ते म्हणाले आणि पुन्हा वळले.