न घडलेल्याचा निकाल

लढाईच्या दिवसांत शहापूरबाहेरच्या माळावर काही काळ गोऱ्या सोल्जरांचा तळ पडला होता. संध्याकाळी ते रग्बी खेळत. पपईच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळायचं आणि पलीकडच्या रेघेमागे जमिनीला टेकवायचा. टेकवला की ‘ट्राय’. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उभा राही. मास्तराला हे शोभतं का, असं हेडमास्तर विचारत. पण नको तिथे चौकशा करायची खोड मला जन्माचीच.

एकदा एक सोल्जर रेघेपाशी पोचणार, तोच मागच्याने पाय घालून त्याला पाडलं. चेंडू रेघेपलीकडे गेलाच नाही. तरी पंच साहेब थेट रेघेवरच्या दोन खांबांच्या मध्ये धावला आणि हात वर करून ट्राय देऊन मोकळा झाला. मी चक्रावलो. जे झालंच नाही त्याचे गुण? खेळ संपल्यावर धीर करून माझ्या शाळकरी इंग्रजीत त्याला विचारलं. तो म्हणाला, लबाडी झालीच नाही असं धरायचं, आणि मग ट्राय बहुतेक झाला असता असं वाटलं तर द्यायचा. नाहीतर नुसती पेनल्टीची किक.

“बहुतेक?” मी विचारलं.

“बहुतेक,” तो म्हणाला आणि बूट सोडायला लागला. हे ‘बहुतेक’ पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

त्याच हिवाळ्यात मुरबाडकडच्या माझ्या सासुरवाडीने शहापूरकरांशी हुतुतूचा सामना ठरवला. पंच मला केलं. एकीकडे मी रहिवासी, दुसरीकडे जावई. दोघांनाही मी आपलाच वाटलो. बायको आधीच माहेरी जाऊन बसली होती. सासुरवाडी आपल्या मैदानावर कधी हरलेली नव्हती, आणि त्यांचा म्होरक्या होता माझा मेहुणा.

शेवटी त्यांच्या बाजूला तो एकटाच उरला. शहापूरचा गडी हुतुतू घुमवत चालून गेला, मेहुण्याला शिवला आणि परत फिरला. मधल्या रेघेला हात लागला की सामना शहापूरचा. त्याआधी दम तुटला की गडी मेला. मेहुण्याने त्याची कंबर धरली. तरी तो सरपटत आला, हात लांब केला, आणि बोटं रेघेच्या वीतभर अलीकडे असताना हुतुतू एकदम थांबलं. मेहुण्याने तळहाताने त्याचं तोंड दाबलं होतं.

आमच्याकडची रीत अशी, की अशा वेळी चढाई पुन्हा. पण गडी खोकून खोकून आडवा झालेला, तो पुन्हा कसली चढाई करणार? म्हणजे फायदा लबाडाचाच. मला साहेब आठवला. पण कंबर धरणं नियमातलं होतं. सबंध मेहुणा हिशेबातून पुसून चालणार नव्हतं, फक्त त्याचा तळहात पुसायचा होता. मग उरलेल्या वीतभरापुरता दम गड्यात होता का? चेंडू दिसतो, आडवा आलेला पाय दिसतो; दम कसा दिसणार? खरं सांगतो, त्या घटकेला मला भीतीपेक्षा या कोड्याचीच मजा वाटत होती. गड्याचा आवाज शेवटपर्यंत पडला नव्हता, एवढं मी ऐकलं होतं. बहुतेक पोचला असता. मी सामना शहापूरला दिला.

मजा तिथेच संपली. संध्याकाळी सासरी जेवायला बसलो. जावयासाठी कोंबडं कापलेलं, पण वाढणारी बायको माझ्याकडे बघेना.

“दम मोजाया तुमी काय त्याच्या पोटात शिरलेलात?” ती शेवटी म्हणाली. “आता मी कुठल्या तोंडानं माहेरी येऊ?”

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. “मास्तर, त्याचा दम संपलेला. समदा गाव सांगतोय. उद्या चार लोकांपुढं चुकलं म्हणा. नायतर पोरीला घेऊन जा, परत या दारात येऊ नका.”

‘बहुतेक’ हा शब्द सासऱ्यांपुढे टिकणारा नव्हता. आणि खरंच दम संपला असेल तर? मी बायकोचं माहेर एका अंदाजावर तोडलं होतं.

मेहुणा समोर बसला होता. त्याने अजून पानाला हात लावला नव्हता.

“दम व्हता त्याच्यात, बा,” तो म्हणाला. “माज्या हाताला लागत व्हता.”

सासरे त्याच्याकडे वळले. “मग तोंड कशाला दाबलंस रे?”

“दम व्हता म्हणून तर.”