माहेरावर उतरणारे पक्षी

औरंगपुऱ्यात भाजी घेत होते, तेव्हा सुधीरचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. पिशवी भाजीवाल्यापाशीच राहिली आणि मी रिक्षात बसले. त्याला आता महिना होऊन गेला...

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचं माहेर गोदाकाठचं. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोवर जायकवाडीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. भाऊ पोटापाठी पांगले. दिवाळीला जावा माहेरी निघाल्या की आत्या चुलीपुढून उठायच्या नाहीत म्हणे. पैठणला दर्शनाला गेलो, तरी धरणाकडं चला म्हटलं की मान फिरवायच्या.

मला पक्षी बघायचा नाद. एका हिवाळ्यात आमच्या गारखेड्याच्या घरी दुसरं कुणी नव्हतं, त्यांना एकटं सोडवेना, म्हणून धरणावर सोबत घेऊन गेले. त्या गाडीतून उतरेनात. "पाण्यात काय बघायचं? बघण्यासारखं होतं ते बुडालं." पाणी ओसरून काळं रान उघडं पडलं होतं आणि त्यात नारिंगी अंगाचे चक्रवाक चरत होते, थवेच्या थवे. आत्यांनी हळूच काच खाली केली.

"कुठून येत्यात गं हे?"

"हिमालयाच्या पलीकडून. दर वर्षी."

"अन् वाट चुकत नाय?"

"नाही चुकत."

मग आत्या उतरल्या, माझ्याकडून दुर्बीण घेतली. "तो उंचवटा दिसतो ना, तिथंच आमची विहीर... बरोब्बर आमच्या रानात बसलेत की मेले!" आणि चक्क हसल्या.

तेव्हापासून दिवाळी सरली की त्याच विचारायच्या, "पाव्हणे आले असतील का?" ठेवणीतलं लुगडं नेसायच्या, धपाट्यांचा डबा घ्यायच्या आणि परतताना गाडीत लेकीसारख्या गाढ झोपायच्या.

यंदा दोन पावलं टाकली तरी दम लागायचा. सुधीरनं साफ नकार दिला. "थंडीत कुठं नेतेस तिला? काही झालं म्हणजे?"

आत्या आतूनच म्हणाल्या, "झालं तर माहेरात व्हईल. तुझं काय जातं?"

सकाळी मात्र गाडी सुधीरनंच काढली, पहिल्यांदाच.

पाऊस भरपूर झालेला, पाणी काठोकाठ. रान बुडालेलं होतं आणि चक्रवाक एकही नव्हता. आत्या मात्र सुधीरचा हात धरून थेट पाण्याच्या कडेला गेल्या. इथं देऊळ, तिथं शाळा, पलीकडं विहीर, असं त्याला दाखवत राहिल्या. दम लागला की थांबायच्या, पुन्हा बोलायच्या. निघताना त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "पाव्हणे नाय आले... पर तू आलास."

परवा त्यांची खोली आवरायला घेतली. खाटेखाली चपला निघाल्या, तळाला काळा गाळ वाळून घट्ट बसलेला. नळाखाली धरायला निघाले, तर सुधीरनं हातातून काढून घेतल्या.

"राहू दे," तो म्हणाला, "आजोळची माती आहे माझ्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.