टँकरमागे पळणाऱ्या बायका

फजिती ऐकायचीय ना? मग कप आधी खाली ठेवा. एका टँकरच्या नादात मी माझी सगळी विद्वत्ता कशी घालवली, ते सांगतो.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची गोष्ट. सांगलीच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्राचा हंगामी प्राध्यापक. प्राचार्य म्हणाले होते, "संस्थेची माणसं यायचीत. काहीतरी करून दाखवा, म्हणजे तुम्हाला कायम करायचा विषय काढता येईल."

मी पोरांना माहितीपट कसा बघायचा ते शिकवायचो. कॅमेरा कुणाच्या हातात आहे? कोण बोलतंय, कुणाला बोलूच दिलेलं नाही? त्यातला एक माहितीपट जतच्या दुष्काळावरचा. टँकर येतो आणि बायका घागरी घेऊन मागे धावत सुटतात.

"ही बसवलेली पळापळ!" मी वर्गात जाहीर केलं. "दिग्दर्शकानं पळायला सांगितलंय."

मी पडलो कोरेगावचा. आमच्याकडच्या बायका पाण्याला गप्पा मारत जायच्या. पाण्यासाठी कुणी पळतं, हे माझ्या डोक्यात शिरणार कसं?

मागच्या बाकावरून सुनंदा उठली. जत तालुक्यातली पोरगी. "न्हाई सर. आमच्यात खरंच पळत्यात."

"मग जाऊन बघू!"

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून कॅमेरा आणला आणि वर्ग घेऊन गेलो की सुनंदाच्या गावाला!

टँकर आला. एक बाई पळाली असेल तर शपथ! सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओळीत उभ्या. पुढे सुनंदाची मावशी बाकीच्यांना दटावत होती, "कालिजची मान्सं आल्यात. दंगा करू नगासा गं!"

सुनंदा रडकुंडीला आली. "सर, तुमी हाय म्हणून पळाल्या न्हाईत!"

पोरीचं बरोबर होतं. कॅमेरा समोर असला की माणूस बदलतो, हे मीच शिकवत होतो. शिवाय खरं सांगू? त्या रांगेचं शूटिंग भलतंच मिळमिळीत दिसत होतं. ते दाखवून मला कोण कायम करणार?

"मावशी," मी म्हटलं, "मी इथं नाहीच असं समजा आणि रोजच्यासारखं पळा."

"आवं, पानी भरून झालं की! आता कशाला पळू?"

"दाखवायला."

मावशींनी मला एकदा खालून वर बघितलं आणि पळाल्या बिचाऱ्या. सगळ्याच पळाल्या, पण खिदळत! दुष्काळात कुणी खिदळतं का?

"हसू नका! परत! घागर डोक्यावर घ्या!"

"डोस्क्यावर घिऊन कोन पळतंय व्हय?"

मी कॅमेरा कट्ट्यावर ठेवला आणि ड्रायव्हरला रिकामा टँकर मागे घ्यायला लावायला गेलो. शेवटी एकदाची मनासारखी पळापळ मिळाली.

संस्थेची मंडळी आली. हॉल भरला. घरी व्हीसीआर नसल्यानं मीही कॅसेट पहिल्यांदाच बघत होतो. मी ऐटीत म्हणालो, "आता बघा, बसवलेलं नाही, रोजचं खरंखुरं जत!"

आणि टीव्हीतून माझाच आवाज घुमला, "हसू नका! परत!"

लग्नाच्या कॅसेटवर वरून गाणी घातलेली असतात ना? त्यामुळे हा कॅमेरा आवाजही पकडतो, हे माझ्या गावीच नव्हतं. माझी सगळी दिग्दर्शकी हॉलमध्ये ऐकू आली. पोरं बाकं बडवायला लागली.

तेवढ्यावर भागलं का? कट्ट्यावर ठेवलेला कॅमेरा मी बंदच केला नव्हता. पडद्यावर नुसती बायकांची पावलं, आणि मावशी शेजारणीला सांगतायत, "मागं ती शूटिंगवाली मान्सं आल्ती, आमी पळतानाच त्यास्नी घावलो. पळा म्हणून सांगणारा ह्यो मास्तर पयलाच बग!"

सुनंदा सोडून सगळा हॉल हसला. ती मान खाली घालून बसली, माझ्याच काळजीनं.

कायम करायचा विषय कुणी काढला नाही. निघताना संस्थेचे अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "सर, यंदा गॅदरिंगचं नाटक तुमच्याकडं!"